फेस आयडीची युक्ती रेडिएशनच्या खोलीत: शरीराचं थ्रीडी स्कॅन किती अचूक असतं?

२०१७ साली आयफोन एक्स आला आणि फेस आयडी नावाचा प्रकार आपल्या हातात पडला. फोन तुमच्या चेहऱ्यावर ३०,००० पेक्षा जास्त अदृश्य इन्फ्रारेड ठिपके टाकतो. ते ठिपके नाकावर, गालावर, डोळ्यांच्या खोबणीत कसे वाकडेतिकडे पडलेत ते कॅमेरा बघतो आणि त्यावरून चेहऱ्याचा उंचसखलपणा काढतो. जुळलं तर लॉक उघडतं. नाही जुळलं तर फार काय होईल, पासकोड टाकावा लागेल.

आता हीच युक्ती अशा खोलीत न्या जिथे जुळण्यातली चूक पासकोडने भरून निघत नाही. कॅन्सरसाठी रेडिएशन देतात ती खोली. तिथे छताला दोन-तीन कॅमेरे टांगलेले असतात आणि ते टेबलावर झोपलेल्या पेशंटचं शरीर सतत स्कॅन करत असतात. या पद्धतीला सरफेस गायडेड रेडिओथेरपी म्हणतात, थोडक्यात एसजीआरटी. व्हिजन आरटी या कंपनीची अलाइनआरटी आणि सी-रॅड या स्वीडिश कंपनीची कॅटलिस्ट ही त्यातली दोन नेहमी ऐकू येणारी नावं.

पण मुळात स्कॅन कशाला हवं?

रेडिएशन एका दिवसात संपत नाही. आधी सीटी स्कॅन काढतात, त्यावर डॉक्टर आणि फिजिसिस्ट मिळून प्लॅन बनवतात, आणि मग तोच प्लॅन १५ दिवस, २५ दिवस, कधी त्याहून जास्त दिवस चालतो. दर वेळी पेशंटला सीटीच्या वेळी होता अगदी तसाच झोपवायचा. तुम्ही काल रात्री ज्या पोझमध्ये झोपला होतात त्याच पोझमध्ये आज झोपून दाखवा, हात-खांदा-हनुवटी सगळं मिलिमीटरमध्ये जुळवून. जमेल?

जुनी पद्धत म्हणजे भिंतीवरून येणाऱ्या लेझरच्या रेषा आणि त्वचेवरच्या खुणा. या खुणा काही ठिकाणी मार्करने काढतात, तर काही ठिकाणी सुईने बारीक ठिपका गोंदतात. मार्करच्या खुणा असलेल्या पेशंटला साबण लावून घासू नका असं बजावलेलं असतं. मुंबईच्या मे महिन्यात घामाने त्या खुणांचं काय होत असेल ते सांगायला नको. शिवाय तीन ठिपके लेझरवर बसले म्हणजे ते तीन ठिपके बसले, एवढंच. खांदा वर सरकलाय का, हनुवटी फिरलीये का, हे त्यांना कळत नाही.

ही चूक होणार हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून गाठीभोवती थोडी जागा सोडून रेडिएशन देतात. त्याला मार्जिन म्हणतात. ऐकायला ५ मिमी म्हणजे काहीच नाही. पण हिशोब करा. ४ सेंटीमीटर व्यासाची गोल गाठ धरली तर तिचं आकारमान साधारण ३३ घन सेंटीमीटर. चारही बाजूंनी ५ मिमी वाढवलं की ते होतं ६५. म्हणजे जवळजवळ दुप्पट! वरचा सगळा भाग निरोगी शरीराचा. मार्जिन ३ मिमीवर आणता आलं तर हाच आकडा ५१ वर येतो. या दोन मिलिमीटरसाठी एवढी धडपड चालते.

कॅमेरा नक्की काय जुळवतो?

कॅमेऱ्यासोबत प्रोजेक्टर असतो. तो अंगावर प्रकाशाचा पॅटर्न टाकतो, कॅमेरे वेगवेगळ्या कोनांतून तो बघतात आणि हजारो बिंदूंचा थ्रीडी पृष्ठभाग तयार होतो. सॉफ्टवेअर तो पृष्ठभाग सीटीमधून मिळालेल्या पृष्ठभागावर बसवून बघतं आणि सहा आकडे देतं: वर-खाली, डावी-उजवी, डोक्याकडे-पायाकडे किती सरकायचं, आणि तीन दिशांना किती अंश फिरायचं. कॅटलिस्टमध्ये तर चुकलेला भाग पेशंटच्या अंगावरच रंगीत प्रकाशाने दाखवला जातो. हात जास्त वर असेल तर हातावरच रंग दिसतो. एक्स-रे नाही, त्यामुळे दिवसभर चालू ठेवलं तरी रेडिएशनचा डोस शून्य.

फिरण्याच्या आकड्यांना कमी लेखू नका. एका अंशाचा फरक म्हणजे केंद्रापासून १० सेंटीमीटरवर जवळजवळ पावणेदोन मिलिमीटरची चूक. लेझर आणि तीन ठिपक्यांच्या पद्धतीत हे सहज निसटतं.

मग अचूकता किती? इथे उत्तर दोन आहेत, आणि जाहिरातीत बहुतेक वेळा पहिलंच वाचायला मिळतं.

प्लॅस्टिकच्या पुतळ्यावर, म्हणजे फँटमवर तपासलं तर या सिस्टीम एक मिलिमीटरच्या आत असतात. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या एएपीएम या संघटनेने २०१२ च्या अहवालात अपेक्षाही तशीच ठेवली आहे: नेहमीच्या उपचारासाठी २ मिमीच्या आत, आणि मेंदूतल्या छोट्या गाठींवर वगैरे करतात त्या स्टिरिओटॅक्टिक उपचारासाठी १ मिमीच्या आत. तुमच्या फोनमधला लायडार, जो २०२० मध्ये आयफोन १२ प्रोमध्ये आला, तो छोट्या वस्तूंसाठी साधारण सेंटीमीटरच्या घरात खेळतो. त्यामुळे घरच्या घरी ॲपवर हे करता येईल का, हा प्रश्न इथेच संपला.

दुसरं उत्तर पेशंटचं. पुतळा श्वास घेत नाही, घाबरत नाही, तीन आठवड्यांत त्याचं वजन उतरत नाही. आणि मुख्य म्हणजे कॅमेऱ्याला फक्त त्वचा दिसते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ज्या भागाला रेडिएशन द्यायचं तो त्वचेच्या लगेच खाली असतो, म्हणून तिथे पृष्ठभागावर विश्वास ठेवता येतो. प्रोस्टेटचं तसं नाही. मूत्राशय भरलेलं आहे की रिकामं यावर प्रोस्टेट सरकतं, आणि पोटाच्या कातडीला त्याचा पत्ताही नसतो. स्क्रीनवर सगळे आकडे शून्य दाखवतील आणि आत गाठ भलतीकडे असेल. म्हणूनच मशीनवरच काढलेलं सीटी, ज्याला कोनबीम सीटी म्हणतात, ते अजून गेलेलं नाही. कॅमेरा पेशंटला पटकन जागेवर आणतो आणि नंतर हलला तर ओरडतो. आतली गाठ कुठे आहे हे मात्र एक्स-रेनेच बघावं लागतं. एसजीआरटी आलं म्हणजे एक्स-रे नको, असं कुणी सांगितलं तर मला ते पटणार नाही.

अचूकता बिघडवणाऱ्या बाकीच्या गोष्टी तुम्हाला ओळखीच्या वाटतील. कॅमेरे नुकतेच चालू केले असतील तर तापेपर्यंत आकडे हळूहळू सरकतात. मशीनचा फिरणारा हात मध्ये आला की एखाद्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही. सपाट पोटासारखा भाग जुळवायला निवडला तर सॉफ्टवेअर गोंधळतं, कारण सपाट गोष्ट थोडी पुढे-मागे सरकवली तरी तशीच दिसते. त्याला उंचवटे हवेत, चेहऱ्याला नाक असतं तसे. आणि त्वचेचा रंग. सावळी त्वचा कमी प्रकाश परत पाठवते, त्यामुळे कॅमेऱ्याचं एक्सपोजर त्या-त्या पेशंटप्रमाणे बदलावं लागतं. गोऱ्या पेशंटसाठी लावलेली सेटिंग तशीच ठेवली तर पृष्ठभागात भोकं पडतात. भारतात हा मुद्दा तळटीपेत टाकण्यासारखा नाही.

या तंत्राचा सगळ्यात मोठा फायदा दिसतो तो डाव्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये. डावीकडे छातीच्या भिंतीमागे लगेच हृदय असतं. खोल श्वास घेऊन रोखला की फुफ्फुस फुगतं, हृदय मागे आणि खाली जातं आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतं. २०१३ मध्ये स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २,१६८ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. हृदयाला मिळालेल्या सरासरी डोसमध्ये प्रत्येक एक ग्रे वाढला की हृदयविकाराच्या मोठ्या घटनांचं प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. म्हणजे इथे प्रश्न आजच्या गाठीचा आहेच, पण दहा-वीस वर्षांनंतरच्या हार्ट अटॅकचाही आहे.

कॅमेरा बघतो की छाती ठरलेल्या उंचीवर आली का. आली तरच किरण सुरू, खाली गेली की बंद. पण यात एक गंमत आहे, खरं तर गंमत नाही. काही पेशंट श्वास भरण्याऐवजी पाठ उचलून छाती वर आणतात. मुद्दाम नाही, लवकर संपावं म्हणून. छातीवरचा एकच बिंदू बघणारी पद्धत फसते: उंची बरोबर, पण फुफ्फुस फुगलेलं नाही आणि हृदय जागच्या जागी. पूर्ण पृष्ठभाग बघितला तर शरीर तिरकं झालेलं आकड्यात दिसतं, पण आकड्याकडे बघणारा टेक्नॉलॉजिस्ट तयारीचा हवा.

तुमच्या घरात कुणाला, आईला, मावशीला, हे सांगितलं असेल तर काही गोष्टी आधी विचारून घ्या. जुळवायच्या भागावर कपडा चालत नाही, छाती उघडी ठेवावी लागते आणि कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर तिचा थ्रीडी आकार दिसतो. तिथे कोण असेल, ते रेकॉर्ड कुठे साठवलं जातं, हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. श्वास रोखायचा सराव सीटीच्या दिवशीच करून घेतात, साधारण वीसेक सेकंदांचा. काही ठिकाणी गॉगल देतात, काही ठिकाणी समोर टॅबलेट असतो. त्यावर एक पट्टी वर-खाली होते आणि ती हिरव्या भागात धरून ठेवायची, गेमसारखी. मध्येच खोकला आला तर घाबरायचं नाही. छाती ठरलेल्या उंचीवरून हलली की किरण थांबतात, आणि दम घेऊन पुन्हा श्वास भरला की तिथूनच पुढे चालू होतं.