एक बेट, एक हॉटेल

मधुचंद्रासाठी मालदीव हे नाव आता आपल्याकडेही सर्वांच्या तोंडी आहे. पांढरी वाळू, निळे पाणी आणि दोघेच दोघे! पण हा एकांत धोरणाने घडविलेला आहे. १९७२ साली कुरुंबा हे तेथले पहिले पर्यटनस्थळ निघाले, तेच निर्मनुष्य बेटावर. पुढे तोच शिरस्ता पडला. वस्तीच्या बेटांवर मद्याला बंदी, पाहुण्यांच्या बेटावर मुभा. गावकऱ्यांना आपल्या बेटावर अतिथिगृह काढण्याची मोकळीक मिळाली ती २००९ च्या सुमारास. म्हणजे तब्बल साडेतीन दशकांनी!

मी टँकरच्या गावचा, त्यामुळे माझे लक्ष वाळूपेक्षा पाण्याकडे गेले. प्रवाळाच्या या बेटांवर नदी नाही. पाऊस वाळूत मुरतो आणि ते गोडे पाणी हलके म्हणून खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते. उपसा वाढला की खारे पाणी वर चढते. म्हणून हॉटेले समुद्राचेच पाणी यंत्राने गोडे करतात आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी बाहेरून आणलेले डिझेल जाळतात. डिसेंबर २०१४ मध्ये राजधानी माले येथील अशा केंद्राला आग लागली, तेव्हा भारताने विमानांनी व जहाजांनी तेथे पिण्याचे पाणी पोचविले.