दिवाळीची सुट्टी आणि चिमुकले हात

दिवाळी येते ती नेमकी शेतकऱ्याच्या घाईत. सोयाबीनची मळणी उरकली तर उरकली, नाही तर खळ्यावर गंजी तशीच उभी. कापसाची वेचणी सुरू असते, रब्बीच्या पेरणीसाठी वापशाकडे डोळे लागलेले असतात आणि ऐन त्याच वेळी शाळांना सुट्टी लागते. घरची बाई चकलीच्या भाजणीत आणि सारवणात गुंतलेली. अशा वेळी चार-पाच वर्षांचे पोर पायात पायात आले की ‘जा बाबा, बाहेर खेळ’ असे म्हणून त्याला वाटेला लावण्यात येते. बाहेर म्हणजे कोठे? विहीर बाहेरच, मळणीयंत्र बाहेरच, फवारणीचे डबे गोठ्याच्या कोनाड्यात आणि थोरल्यांच्या हातात फटाके. सुट्टीत लहानांच्या हातांना काम दिले तर त्यांची हौस होते आणि आपली राखणही होते.

त्यासाठी तालुक्याहून काही आणायला नको. माती, शेण, ज्वारीची धाटे, जुने कागद आणि चमचाभर कणीक एवढ्यावर आठ दिवसांची सुट्टी निघते. मात्र एक माणूस जवळ बसलेले हवे. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याइतके चांगले शिक्षक दुसरे नाहीत. त्यांच्या बोटांना हे सारे येते, फक्त त्यांना कोणी विचारलेले नसते.

किल्ला, आणि तोही खरा

दिवाळीतला किल्ला ही आपल्याकडची जुनी हौस. किल्ला करायचा तर वसुबारसेच्या आठ-दहा दिवस आधी हात घालावा. जागा अंगणाच्या कोपऱ्यात धरावी, पण मातीच्या भिंतीपासून हातभर लांब, कारण रोजच्या पाण्याची ओल भिंतीत उतरते. आधी दगड आणि विटांचे तुकडे उतरंडीसारखे रचून घ्यावेत. मग एक जुने बारदान दाट गाऱ्यात चांगले बुडवून त्या ढिगावर टाकावे. ते दाबून बसवू नये, जसे पडेल तसे पडू द्यावे. त्याला आपोआप चुण्या पडतात, आणि त्याच डोंगराच्या घळी आणि सोंडा होतात. नुसत्या काळ्या मातीचा लेप दिला तर ती दोन दिवसांत भेगाळते. म्हणून वरच्या हाताला तांबडी माती घ्यावी, किंवा काळ्या मातीत बारीक भुसा आणि मूठभर शेण मिसळावे.

हिरवळीसाठी पुष्कळ मुले मोहरी टाकतात. मोहरी उगवते खरी, पण उतारावरून घरंगळून सगळी पायथ्याशी जमते आणि डोंगर बोडका राहतो. हळीव त्यापेक्षा बरे. हळीव भिजले की बुळबुळीत होऊन मातीला चिकटून बसतात. दोन-तीन दिवसांत मोड येतात आणि आठवड्यात बोटभर हिरवळ उभी राहते. पाणी ओतायचे नाही, ओल्या हाताने शिंपडायचे. हे शिंपडण्याचे काम घरातल्या सर्वांत धाकट्याकडे द्यावे. रोज सकाळी उठून ते पोर आधी किल्ल्याकडे धावते, हा बहुतेक घरांतला अनुभव आहे.

आता किल्ला कोणता करायचा? डोंगरावर चार बुरूज आणि मधे सिंहासन एवढ्यावर बहुतेक किल्ले थांबतात. आमचे म्हणणे असे की दर वर्षी एक खरा किल्ला निवडावा. राजगड लहान मुलांना फार सोपा जातो. मधे उंच बालेकिल्ला आणि त्याला फुटलेल्या तीन माच्या, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. कोंबडीच्या पायासारखा आकार डोळ्यांपुढे आणला की झाला राजगड. रायगडाच्या आधी कितीतरी वर्षे शिवाजी महाराजांची राजधानी इथे होती, हे रचता रचता सांगून टाकावे. थोरली मुले असतील तर रायगड घ्यावा, जिथे 1674 मध्ये राज्याभिषेक झाला. त्याचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत असा दडवला आहे की समोरून चटकन दिसत नाही. मुलांना मातीचे दोन वाकडे बुरूज करायला सांगावे, मधल्या बोळात दार ठेवावे, आणि मग विचारावे, ‘शत्रूच्या तोफेचा गोळा इथे लागेल का रे?’ मुले जमिनीला गाल लावून बघतात आणि खरेच दार दिसत नाही. पुस्तकाच्या दहा पानांनी जे होत नाही ते या एका बोळाने होते.

कोकणातल्या वाचकांनी डोंगराचा हट्ट धरू नये. मालवणच्या समुद्रात 1664 मध्ये ज्याचे बांधकाम सुरू झाले तो सिंधुदुर्ग जुन्या परातीत होतो. परातीत मधोमध दगड-मातीचे बेट, त्याभोवती नागमोडी तट, आणि बाकी पाणी. पळसाच्या किंवा आंब्याच्या पानांचे पडाव त्यात सोडले की मुले जेवायलाही उठत नाहीत. राजगड, रायगड आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही किल्ले जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या यादीत मराठ्यांचे एकूण बारा किल्ले आहेत, त्यांतला जिंजी तेवढा तमिळनाडूत आणि बाकीचे आपल्याकडे. आपल्या अंगणात जो मातीचा ढीग आहे त्याची नोंद जगाने घेतली आहे हे पोरांना कळले की त्यांच्या कामात निराळाच जोर येतो.

तळ्याला करवंटी पुरावी. मावळे घरीच करावेत. मान नसलेला, एक पाय जाड असलेला मावळा चालेल, त्याच्यावर हसू नये. आणि एक, थोरल्या भावांनी धाकट्यांना नुसते ‘पाणी आण, दगड आण’ म्हणून पळवू नये. पायथ्याचे गाव धाकट्यांच्या ताब्यात द्यावे. तिथे ते काडीची विहीर करोत की मधोमध आपली म्हैस बसवोत, त्यात आपण तोंड घालू नये.

शेणाच्या गवळणी

पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत दिवाळीत दारापुढे शेणाच्या गवळणी मांडतात. काही ठिकाणी पांडव करतात. शहराला लागून असलेल्या गावांतून ही चाल मागे पडत चालली आहे, आणि त्याचे वाईट वाटते, कारण तीन वर्षांच्या मुलीलाही जमेल असे याहून सोपे काम नाही. ताजे शेण थोडा भुसा घालून मळावे. मुठीएवढा गोळा खाली आणि लिंबाएवढा वर, झाली गवळण. डोक्यावर करंगळीने खळगा करून दुधाचे भांडे, त्यात झेंडूची पाकळी. डोळ्यांना ज्वारीचे दाणे. एखादी गाय, एखादे वासरू, आणि घरात जेवढी माणसे तेवढ्या बाहुल्या केल्या तर मुलांना मोजायची सवयही लागते. हाताला जखम किंवा ओरखडा असेल तर शेणात हात घालू देऊ नये, त्यातून धनुर्वाताची भीती असते. काम झाले की साबणाने हात धुवावेत, नखांसकट.

धाटाची बैलगाडी

खरीप ज्वारीची सुगी नुकतीच झालेली असते, तेव्हा वाळलेल्या धाटांना तोटा नाही. धाटाची साल उभी सोलली की आत पांढरा, हलका भेंड निघतो. भेंडाच्या चकत्या ही चाके, सालीची बारीक कामटी हा आस, दोन लांब कामट्या या दांड्या आणि वर आडव्या कामट्या खोचल्या की साटा तयार. ना खिळा, ना दोरा, ना डिंक. याच सामानातून चष्मा होतो, पाळणा होतो, भिंगरी होते. सोलण्याचे काम मात्र मोठ्याने करावे. ज्वारीची साल पात्यासारखी कापते. मुलांनी फक्त खोचायचे.

कंदील आणि पणत्या

बांबूच्या कामट्यांचा षटकोनी कंदील थोरल्यांनी करावा. लहानांसाठी एक साधा प्रकार पुरतो. वहीच्या आकाराचा रंगीत कागद लांबीतून दुमडावा. घडीच्या बाजूने कात्रीने बोटबोटभर अंतरावर चिरा द्याव्यात, पण दोन बोटे कडा सोडावी. कागद उलगडून नळीसारखा गोल करावा आणि कडा खळीने चिकटवाव्यात. वरून किंचित दाबले की मधले पट्टे बाहेर फुगतात. असे दहा-बारा कंदील सुतळीला ओवून ओट्यावर बांधले तर ओळ उत्तम दिसते. आत पणती किंवा मेणबत्ती ठेवण्याचा मोह धरू नये, कागद पेटतो. उजेड हवाच तर बाहेरच्या मोठ्या कंदिलात कमी वॉटचा एलईडी दिवा लावावा, तो फारसा तापत नाही.

खळीसाठी दोन चमचे कणीक वाटीभर गार पाण्यात आधी गुठळ्या मोडून कालवावी, मग मंद आचेवर ढवळत शिजवावी. कढईला चिकटू लागली की उतरवावी. दोन दिवसांत ती आंबते, तेव्हा रोज ताजी करणे बरे. कीड लागू नये म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालीत. मोरचूद विषारी आहे. मुले बोटे चाटतात, म्हणून त्यांच्या खळीत तो कधीही घालू नये.

घरी थापलेली कच्ची पणती तेल पिते आणि ढासळते. तेव्हा मुलांनी केलेल्या पणत्या शोभेला ठेवाव्यात, आणि लावायच्या असतील तर कुंभाराकडच्या भाजलेल्या घ्याव्यात. त्या आधी दोन-तीन तास पाण्यात बुडवून, निथळून, वाळवून घेतल्या की तेल कमी पितात. हे बुडवणे आणि बुडबुडे मोजणे हे मुलांचे आवडते काम. धनत्रयोदशीला यमदीपासाठी कणकेचा दिवा लागतो, तोही मुलांकडूनच करवून घ्यावा.

रंगासाठी गेरू, नीळ, हळद आणि कुंकू पुरेत. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी टाकली की पिवळ्याचे लाल होते. हा चमत्कार एकदा दाखवाच. चुना मात्र आपल्या हातात ठेवावा, डोळ्यात उडाला तर इजा होते.

सामान निवडताना

आता जे सांगतो आहोत ते कृपा करून दोनदा वाचावे. पेरणीतून उरलेले गुलाबी, लाल किंवा निळे बियाणे दिसायला सुंदर असते आणि चित्रावर चिकटवायला मुले तेच मागतात. त्याला औषध चोळलेले असते. ते मुलांच्या हातात जाता कामा नये, आणि कोंबड्यांपुढेही टाकू नये. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी चिखल कालवायला, रंग भिजवायला किंवा ढोल म्हणून वाजवायलाही देऊ नये.

बियांचे तसेच. लाल-काळी गुंज, एरंडीची बी, कुंपणाच्या मोगली एरंडाच्या बिया आणि धोतऱ्याची बोंडे ही सारी विषारी आहेत. माळा ओवायला आणि डोळे लावायला गुंज वापरण्याची चाल आहे, ती लहान मुलांच्या घरात बंद करावी. मुलाने अशी बी चावली किंवा गिळली असा नुसता संशय आला तरी ओकारी काढण्यात वेळ न घालवता ती बी बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना ज्वारी, मणी, हरभरा असे काहीही खेळायला देऊ नये. ते नाकात किंवा कानात घालतात. गेलेच तर काडीने, पिनेने कोरू नये, दवाखान्यातच काढवून घ्यावे.

आणि भाजले तर टूथपेस्ट, शाई, तूप यांतले काही लावू नये. भाजलेला भाग साध्या गार पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटे धरावा, स्वच्छ धुवट फडक्याने सैल झाकावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

फराळाच्या वेळी मुले स्वयंपाकघरात घुसतातच. त्यांना चुलीपासून लांब पाटावर बसवून शंकरपाळ्यांच्या पोळीवर कातणे फिरवू द्यावे. तिरक्या-वाकड्या शंकरपाळ्याही तळल्यावर तितक्याच गोड लागतात. पाहुण्यांसाठी हव्या तर सरळ कातलेल्या वेगळ्या काढाव्यात.

तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला राहू द्यावा. मग मुलांच्याच हातांनी उतरवावा. वाढलेले हळीव शेळीपुढे टाकावेत, माती परसातल्या वाफ्यात पसरावी, विटा धुऊन रचून ठेवाव्यात. बारदान झटकून दोन उन्हे दाखवली की पोत्यांखाली अंथरायला होते.