फरशी पुसण्याचा मॉप: तो स्वतः किती स्वच्छ आहे?

घरात कोणाची केमोथेरपी सुरू असली, नुकतंच ऑपरेशन झालं असलं किंवा रांगणारं बाळ असलं, की फरशी दिवसातून दोनदा पुसली जाते. पण पुसून झाल्यावर मॉप कुठे ठेवता? बऱ्याच घरांत तो बाथरूमच्या कोपऱ्यात, बादलीतच ओला उभा असतो.

ओल, मळ आणि ऊब मिळाली की जिवाणू झपाट्याने वाढतात. स्युडोमोनाससारख्या जिवाणूंना ओलसर जागा फार मानवते. असा मॉप दुसऱ्या दिवशी फिरवला, की फरशी चकचकीत दिसते आणि जिवाणू मात्र खोल्याखोल्यांत पसरतात. निरोगी माणसाला याचा सहसा त्रास होत नाही, उगाच घाबरू नका. प्रतिकारशक्ती कमी झालेल्या किंवा उघडी जखम असलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र काळजी घ्यायला हवी.

मळका मॉप फिनेलच्या पाण्यात बुडवून ठेवला म्हणजे तो स्वच्छ झाला, असं नाही. मळ असेल तर जंतुनाशकाचा जोर कमी पडतो. म्हणून आधी गरम पाणी आणि डिटर्जंटने, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. घरात रुग्ण असेल तर सुती मॉप त्यानंतर ब्लीचच्या थंड पाण्यात 10 मिनिटं भिजवा. बाटलीवर 5 टक्के लिहिलं असेल, तर 1 लिटर पाण्याला 20 मिली पुरे. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. मायक्रोफायबर ब्लीचने खराब होतं, त्याला गरम पाणी आणि डिटर्जंटच बरं.

ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा अॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. चुकून मिसळलं गेलं तर लगेच मोकळ्या हवेत या. धाप लागत असेल तर थेट रुग्णालय गाठा.

एवढं करून मॉप ओलाच राहिला तर मेहनत वाया जाते. घट्ट पिळून, डोकं वर करून बाल्कनीत किंवा उन्हात वाळवा, बादली उपडी घाला. पावसाळ्यात दोन मॉप आलटून पालटून वापरा. घरकामाला येणाऱ्या मावशींना हे सांगताना वाळवायची जागाही दाखवा. अनेकदा ती ठरलेलीच नसते.

संडास-बाथरूमचा मॉप वेगळ्या रंगाचा ठेवा. नाजूक प्रकृतीच्या रुग्णाची खोली सर्वांत आधी, ताज्या पाण्याने पुसा. घरात कोणाला उलट्या-जुलाब होत असतील, तर ती खोली शेवटी. धुऊन, वाळवूनही कुबट वास येतच असेल, तर तो मॉप टाकून द्या.