आत्मविश्वास की ‘मीच शहाणा’? धंदा सुरू करण्याआधी स्वतःचा एक स्टॉक-चेक



दुकानातला माल आपण महिन्याला मोजतो, गल्ला रोज मोजतो. पण धंद्यात सगळ्यात जास्त निर्णय ज्या डोक्यातून निघतात, ते डोकं कधी मोजता का? आजचा विषय तोच आहे: नार्सिसिझम, म्हणजे आत्मप्रेमाचा अतिरेक. (स्वमग्नता हा शब्द आपण ऑटिझमसाठी वापरतो. ती पूर्ण वेगळी गोष्ट आहे, दोन्हींची गल्लत करू नका.)

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ हा मानसिक आजार आहे. डॉक्टर जे डीएसएम-५ नावाचं मॅन्युअल वापरतात, त्यात त्याचे ९ निकष आहेत. त्यातले किमान ५ लागू पडले आणि त्याचा आयुष्यावर खरोखर परिणाम होत असला, तरच तसं निदान होतं. ते काम मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं आहे, तुमचं-माझं नाही. म्हणून हा लेख वाचून जुन्या बॉसला किंवा भावजींना लेबल लावत बसू नका. आपण बोलतोय ते स्वभावातल्या छटांबद्दल, आणि त्या कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांत असतात.

या छटा मोजायची सगळ्यात प्रसिद्ध चाचणी म्हणजे नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी इन्व्हेंटरी. रॉबर्ट रास्किन आणि कॅल्विन हॉल यांनी ती 1979 मध्ये मांडली. 1988 मध्ये रास्किन आणि हॉवर्ड टेरी यांनी तिची 40 प्रश्नांची आवृत्ती आणली. प्रत्येक प्रश्नात दोन वाक्यं असतात, आपल्याला जवळचं वाटेल ते निवडायचं. एकूण गुण 0 ते 40.

आता इथे उद्योजकाने सावध व्हायला पाहिजे. या गुणांमध्ये सात वेगवेगळ्या गोष्टी एकत्र येतात: अधिकार गाजवणं, स्वावलंबन, श्रेष्ठत्वाची भावना, मिरवणं, दुसऱ्याचा वापर करून घेणं, दिसण्याचा गर्व आणि ‘मला हे मिळालंच पाहिजे’ ही वृत्ती. यातलं नेतृत्व आणि स्वावलंबन तर धंद्यात लागतंच! त्यामुळे दोघांना सारखेच 22 गुण पडले, तरी एक चांगला मालक असेल आणि दुसऱ्याकडे माणूस टिकत नसेल. बेरीज बघू नका, गुण कुठल्या खान्यातून आले ते बघा.

आणि हो, उलट बाजूही लक्षात ठेवा. आपल्या कामाचा योग्य दर सांगणं, उधारी मागणं, “हे मला जमतं” असं म्हणणं म्हणजे अहंकार नाही. घरून डबे देणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या कितीतरी ताई याच भीतीने दर वाढवत नाहीत. त्यांनी हा लेख वाचून आणखी संकोचू नये.

मग स्वतःला विचारून खरं उत्तर मिळतं का? 2014 मध्ये सारा कॉनरॅथ, ब्रायन मायर आणि ब्रॅड बुशमन यांनी फक्त एका प्रश्नाची चाचणी मांडली. नार्सिसिस्ट म्हणजे काय ते थोडक्यात सांगून थेट विचारायचं, तुम्ही तसे आहात हे तुम्हाला कितपत पटतं? 1 ते 7 मध्ये उत्तर द्या. गंमत म्हणजे ज्यांच्यात ही वृत्ती जास्त असते, ते बऱ्यापैकी सरळ हो म्हणतात. त्यांना त्यात काही वावगं वाटतच नाही. म्हणजे स्वभाव आपल्याला माहीत असतो. त्याची किंमत कोण भरतंय, ते दिसत नाही.

म्हणून मला दुसरी पद्धत जास्त आवडते. अरिजित चटर्जी आणि डोनाल्ड हॅम्ब्रिक यांनी 2007 मध्ये कॉम्प्युटर क्षेत्रातल्या 111 सीईओंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी कोणालाही प्रश्नावली दिली नाही. वार्षिक अहवालात साहेबांचा फोटो किती ठळक आहे, मुलाखतीत ‘मी-माझं’ किती वेळा येतं, दोन नंबरच्या माणसापेक्षा पगार किती जास्त आहे, अशा खुणा मोजल्या. ज्यांच्यात या खुणा जास्त, त्यांच्या कंपन्यांनी जास्त आणि मोठ्या कंपन्या विकत घेतल्या. त्यांचे निकालही टोकाचे होते: एकदा खूप वर, एकदा खूप खाली. सरासरीने मात्र ते इतरांपेक्षा ना चांगले, ना वाईट.

मोठी कंपनी असे हेलकावे सोसते. तुमचं भांडवल पाच लाखांचं असेल, त्यात आईचे दागिने गहाण असतील, तर एक मोठा खड्डाही पुरेसा होतो.

समजा तुमचं ड्रेस मटेरियलचं दुकान आहे. काउंटरवरच्या ताईला रोज दिसतंय की बायका भारी माल हातात घेऊन परत ठेवतायत. पण मागच्या वेळी ती बोलली तेव्हा तिला “तुला काय कळतं?” असं ऐकायला मिळालं. आता ती गप्प बसते. तुम्ही दिवाळीला दोन लाखांचा तोच माल भरता आणि फेब्रुवारीत तो खरेदीच्याही खाली विकता. हे नुकसान वहीत कुठे लिहिलं जातं? कुठेच नाही. आपण म्हणतो, “मार्केट डाऊन आहे.”

तर चला, वही घ्या. या सहा प्रश्नांची उत्तरं मतांनी नाही, पुराव्यांनी द्या.

1. गेल्या महिन्यात दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून कुठला निर्णय बदलला? माणूस आणि निर्णय, दोन्ही लिहा.
2. शेवटचा चांगला महिना कोणामुळे आला? शेवटचा वाईट महिना कोणामुळे गेला?
3. ग्राहक तक्रार घेऊन आला तेव्हा तुमचं पहिलं वाक्य काय होतं?
4. कामगाराचा पगार किती दिवस उशिरा झाला? आणि ग्राहकाने उधारी तितकीच उशिरा दिली, तेव्हा तुम्ही काय बोललात?
5. समोरच्या दुकानात गर्दी दिसली तर तुम्ही काय शिकलात? की तो कसा बुडेल हेच चार लोकांना सांगितलं?
6. शेवटचे तीन मोठे खर्च ग्राहकाला लागतात म्हणून केले, की आपल्याला शोभतात म्हणून?

अजून धंदा सुरू केला नसेल, तर हेच प्रश्न नोकरीला, घराला, कॉलेजच्या ग्रुपला लावून बघा.

पहिल्या प्रश्नापुढची जागा कोरी राहिली, तर समजा लोकांनी तुम्हाला सांगणं बंद केलंय. चौथ्यात दोन मापं निघाली, तर तिथून सुरुवात करा. पगाराची तारीख ठरवा आणि पाळा. स्वभाव बदलायला वर्षं लागतात, तारीख याच महिन्यापासून पाळता येते.

मग हीच वही घरच्या किंवा दुकानातल्या एका माणसापुढे ठेवा. “मी कसा आहे?” असं विचारू नका, कोणी खरं सांगणार नाही. विचारा, “आपण दुकानात कुठली एक गोष्ट बंद करावी?” उत्तर आलं की समजावून सांगायला जाऊ नका. फक्त लिहून घ्या आणि आठ दिवसांत त्यावर काहीतरी करून दाखवा. मान्य नसेल तर का नाही, ते त्याच माणसाला शांतपणे सांगा. पुढच्या वेळी तो स्वतःहून बोलतो.

आणि हे लिहिताना खूप राग आला, झोप उडाली, घरातली नाती सारखी तुटतायत असं जाणवलं, तर सरळ तज्ज्ञांना भेटा. टेलिमानसची 14416 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

उत्तरं वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसकट ठेवा. दिवाळीत नवी वही पूजेला काढाल, तेव्हा जुनीचं हे पान आधी उघडा आणि पहिला प्रश्न परत सोडवा.