आधी ब्रेक, मग रंग

कुर्ल्याच्या कारखान्यात कामगारांच्या हातांनी घडलेल्या प्रीमियर पद्मिनीने मुंबईतील हजारो टॅक्सीचालकांचे संसार चालवले. ऑक्टोबर २०२३ अखेर ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली.

आमच्या शेजारचे निवृत्त फिटर घरच्या शेडमध्ये आपली जुनी पद्मिनी दुरुस्त करतात. मुलगा म्हणाला, “बाबा, आधी रंग मारू.” बाबा म्हणाले, “आधी ब्रेक!”

वाचकहो, हाच क्रम बरोबर. प्रथम पायाखालचा पत्रा तपासावा. गंज आतून खातो. वर्षानुवर्षे बंद इंजिनाला एकदम सेल्फ मारू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, मुरू द्यावे, मग हाताने फिरवावे. ब्रेकचे रबर व ऑइल बदलावे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. भक्कम घोडी लावावी. रंग पुढच्या पगारात होईल. गेलेला जीव परत येत नाही.