गळाआधी परीक्षा

मालवणच्या खाडीत लहानपणापासून गरवणारा मुलगा नोकरीसाठी म्युनिकला गेला, तर तिथल्या इझार नदीत त्याला हौस म्हणूनही गळ टाकता येत नाही. आधी वर्गात बसायचं, मग परीक्षा द्यायची. बव्हेरिया राज्यात किमान 30 तासांचा अभ्यासक्रम केल्याशिवाय मासेमारीच्या परीक्षेला बसू देत नाहीत. प्रश्न 60, त्यातले 45 बरोबर यायला हवेत. विषय पाच आहेत: मासे, पाणी, पाण्याची निगा, साधनं व माशाची हाताळणी, आणि कायदे. चार विषयांत पैकीच्या पैकी मिळवून पाचवा सोडून देता येत नाही. प्रत्येक विषयात निदान 6 उत्तरं बरोबर हवीत.

उत्तीर्ण झाल्यावर सरकारी परवाना मिळतो, पण तेवढ्याने नदीवर जाता येत नाही. ते पाणी ज्या मालकाचं किंवा मंडळाचं असेल, त्याची वेगळी चिठ्ठी लागते. ती न घेता मासा धरला तर तो फौजदारी गुन्हा ठरतो, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपल्याला खरं नवल वाटावं असा भाग पुढे आहे. जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यानुसार सबळ कारणाशिवाय कोणत्याही प्राण्याला वेदना देता येत नाहीत, आणि मासाही त्यात येतो. गंमत म्हणून धरायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, हे कारण तिथे सबळ मानत नाहीत. खाणं हे मात्र सबळ कारण आहे. म्हणून धरलेल्या माशाला आधी डोक्यावर फटका मारून बेशुद्ध करायचं आणि मगच मारायचं, हे अभ्यासक्रमात शिकवतात. सोडायचा तो लहान मासा, किंवा विणीच्या बंदीकाळात सापडलेला. बव्हेरियात पाइक हा शिकारी मासा 50 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर घेता येत नाही, आणि 15 फेब्रुवारी ते 30 एप्रिल या काळात तो कितीही मोठा असला तरी धरता येत नाही.

सगळी जर्मनी इतकी कडक नाही. प्रत्येक राज्याचा मासेमारी कायदा निराळा आहे. बाल्टिक किनाऱ्यावरच्या राज्यांत सुट्टीवर आलेल्यांना परीक्षेविना 28 दिवसांचा परवाना मिळतो.

भारतातल्या गळवाल्यांचा धर्म याच्या बरोबर उलट: महाशीर धरावा आणि जिवंत सोडावा. कावेरीकाठी भीमेश्वरी, गालिबोरे इथल्या शिबिरांत वर्षानुवर्षं हेच चाललं. तिथे येणारे हौशी लोक धरलेल्या प्रत्येक माशाची नोंद ठेवत, आणि त्यांच्या राबत्यामुळे सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांवरही वचक राही. पुढे वन्यजीव कायद्यामुळे शिबिरांतली मासेमारी थांबली. मात्र गालिबोरेच्या नोंदवह्या अभ्यासकांच्या हाती आल्या आणि त्यांतून एक कटू गोष्ट उघड झाली. कावेरीचा स्वतःचा मोठ्या वशिंडाचा महाशीर झपाट्याने घटत होता, आणि बाहेरून आणून सोडलेला निळसर परांचा महाशीर वाढत होता.

हा पाहुणा आपल्याच मुलखातला. कर्नल साइक्स यांनी 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात त्याची पैदास झाली. महाशीर वाचवायचा या प्रामाणिक हेतूनेच तो इतर नद्यांत गेला. कावेरीचा मूळ महाशीर 2018 साली अतिसंकटग्रस्त यादीत गेला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग ही कारणंही त्याच्या मुळावर आली आहेतच. पण कोणता मासा कुठल्या पाण्यातला, हे न बघता केलेलं चांगलं काम नदीला महागात पडतं. म्हणून बव्हेरियाच्या परीक्षेत मासे आणि पाणी हे दोन स्वतंत्र विषय असावेत हे मला फार योग्य वाटतं. फी भरून घेणारा परवाना नदीसाठी पैसा उभा करतो. परीक्षा घेणारा परवाना नदीसाठी जाणता माणूस उभा करतो.

आपल्याकडे 1897 च्या मत्स्य कायद्यापासून सुरुंग आणि विष या दोन्हींवर बंदी आहे. धरणांचे तलाव बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तिथला मासा त्यांच्या पोटापाण्याचा आहे. हौशी माणसाने काय शिकून पाण्यावर जावं, हे मात्र आपण विचारत नाही. महाडजवळ वाळण कोंडीतल्या महाशिरांना देवीचे मासे मानून गावाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, ते गावाच्या धाकावर. हा धाक शहरातून रीळ-काठी घेऊन येणाऱ्याला नसतो.

तेव्हा या सुट्टीत धरणावर जाणार असाल तर आधी संस्थेच्या माणसाला गाठा, पाणी कुणाचं ते विचारा आणि रीतसर परवानगी घ्या. मासे अंड्यावर येतात त्या पावसाच्या सुरुवातीला गळ घरी ठेवा. आणि घरच्या टाकीतला किंवा दुसऱ्या नदीतला मासा कुठल्याही पाण्यात सोडू नका, कितीही दया आली तरी.