शेण-लघवीतील बदल ओळखा, आजार वेळेत पकडा

जनावर आजारी आहे का, हे पाहताना आपले लक्ष आधी दुधाकडे आणि गव्हाणीत उरलेल्या चाऱ्याकडे जाते. शेण आणि लघवी आपण गोठा साफ करण्यापुरतीच पाहतो. मात्र पचन बिघडल्याची, पाणी कमी पडल्याची किंवा लघवीचा मार्ग अडल्याची खूण अनेकदा तेथेच आधी दिसते.

शहरात मांजर पाळणाऱ्यांसाठी ‘स्मार्ट लिटर बॉक्स’ नावाची पेटी मिळते. मांजर शी-लघवीसाठी या पेटीत गेले की पेटीतील वजनकाटा त्याचे वजन टिपतो. मांजर दिवसात किती वेळा आले, किती वेळ बसले याची नोंद मालकाच्या मोबाईलवर जाते. पेटी रोगाचे निदान करत नाही. त्या मांजराची नेहमीची सवय बदलली, एवढे ती सांगते. बोका वारंवार पेटीत जाऊन लघवी न करताच परतत असेल, तर मूत्रमार्ग अडल्याची शंका येते. मार्ग पूर्ण अडला आणि उपचार मिळाले नाहीत, तर असा बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो.

गाई-म्हशींसाठी अशी पेटी लागत नाही. दावणीला बांधलेल्या जनावराचे शेण-मूत आपल्या समोरच पडते. पेटीचे तत्त्व मात्र उचलण्यासारखे आहे: प्रत्येक जनावराची तुलना त्याच्याच कालच्या नोंदीशी करावी.

शेणाला १ ते ५ गुण द्या

• १ गुण : पाण्यासारखे पातळ, पिचकारीसारखे पडते. जंतुसंसर्ग, जंत किंवा खुराकाचा अतिरेक असू शकतो.
• २ गुण : पातळ, ढीग होत नाही, पडताना शिंतोडे उडतात. कोवळा हिरवा चारा जास्त झाल्यास असे दिसते.
• ३ गुण : घट्ट लापशीसारखे, साधारण एक ते दीड इंच उंचीचा ढीग, मध्ये किंचित खळगा. दुधाळ गाईसाठी हे योग्य.
• ४ गुण : घट्ट, उंच ढीग. निकृष्ट कोरडा चारा, कमी प्रथिने किंवा कमी पाणी. आटलेल्या गाईत किंवा कालवडीत थोडे घट्ट शेण चालते.
• ५ गुण : कडक गोळे. पाण्याची कमतरता किंवा पचनमार्गातील अडथळा तपासावा.

एकाच जनावराचे शेण बदलले, तर त्या जनावराची तपासणी करावी. बहुतेक जनावरांचे शेण एकाच वेळी बदलले, तर आधी चारा, पेंड आणि पाणी तपासावे. नवीन चारा किंवा मुरघास सुरू करताना ७ ते १० दिवसांत हळूहळू प्रमाण वाढवावे.

शेणात आणखी काय पाहाल?

• मक्याचे अख्खे दाणे : भरडा जाड राहिला आहे किंवा पचन नीट होत नाही.
• फेस, बुडबुडे, आंबूस वास : खुराक जास्त आणि तंतुमय चारा कमी पडत असल्याची शक्यता.
• आव किंवा ताजे रक्त : आतड्याला सूज. वासरांमध्ये रक्ती हगवणीची शंका घ्यावी.
• डांबरासारखे काळे शेण : पोटात रक्तस्राव असू शकतो. त्वरित पशुवैद्यकांना दाखवावे.

मूठभर शेण चाळणीत घेऊन पाण्याने धुवून पाहावे. चाळणीत लांब धागे आणि दाणे जास्त उरले, तर चारा पुरेसा पचत नाही असे समजावे.

लघवीचा रंग

निरोगी जनावराची लघवी फिकट पिवळी असते. गडद पिवळी आणि थोडी होत असल्यास पाणी कमी पडते का, ते पाहावे. लाल किंवा कॉफीच्या रंगाची लघवी दिसल्यास थांबू नये. गोचिडांमुळे पसरणाऱ्या बबेसिओसिसमध्ये तापासोबत असे दिसते. जास्त दूध देणाऱ्या म्हशींमध्ये गाभण काळाच्या शेवटी किंवा विल्यानंतरच्या काही आठवड्यांत फॉस्फरसच्या कमतरतेमुळेही लघवी लाल होते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, त्यामुळे निदान पशुवैद्यकांकडूनच करून घ्यावे.

बोकड, बैल कुंथत असेल तर

बोक्याप्रमाणेच बोकड आणि बैलाचाही मूत्रमार्ग अरुंद असतो, त्यात मूतखडा अडकतो. विक्रीसाठी भरपूर धान्य आणि कोंडा देऊन वाढवलेले, विशेषतः लहान वयात खच्ची केलेले बोकड याला जास्त बळी पडतात. बोकड शेपूट हलवत कुंथतो, ओरडतो, थेंब-थेंब लघवी करतो. अनेकदा हे बद्धकोष्ठ समजून तेल पाजले जाते आणि मोलाचा वेळ जातो. मूत्राशय फुटल्यास जनावर वाचवणे अवघड होते.

• लघवी होते का, याची आधी खात्री करावी. शंका असल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवावे किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर संपर्क साधावा.
• लघवी सुटण्याचे औषध स्वतःहून देऊ नये. मार्ग अडलेला असताना त्याने धोका वाढतो.
• प्रतिबंधासाठी धान्य-कोंडा मर्यादित ठेवावा, स्वच्छ पाणी दिवसभर उपलब्ध ठेवावे, मीठ द्यावे. आहारात कॅल्शियम व फॉस्फरसचे प्रमाण २:१ राखावे.

नोंद कशी ठेवाल?

गोठ्यात एक वही ठेवावी. सकाळी शेण काढण्यापूर्वी तारीख, बिल्ला क्रमांक, शेणाचा गुण, लघवीचा रंग, खाणे, दूध आणि चाऱ्यातील बदल एका ओळीत लिहावा. रात्रीत शेण पडलेच नसेल, तर तेही लिहावे. चोवीस तास शेण न पडणे ही तातडीची बाब आहे.

जंतांची शंका असल्यास जंतनाशक देण्यापूर्वी ताज्या शेणाचा नमुना स्वच्छ डबीत घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणीसाठी द्यावा. सोबत वहीही न्यावी. बदल कोणत्या दिवशी आणि कोणत्या चाऱ्यानंतर सुरू झाला, हे नोंदीतून कळते आणि पशुवैद्यकांना निदान करणे सोपे जाते.